जास्त झोपतो म्हणून दादरला स्लीप स्टडी केली, त्याचा रिव्ह्यू (५ पैकी ४ स्टार)

आधीच सांगतो, क्लिनिकचं नाव टाकत नाहीये. तक्रारी पण लिहिणार आहे आणि डॉक्टर माणूस खरंच चांगला आहे, उगाच कोणी जाऊन एक-एक स्टार टाकून यायचं. दादर वेस्टला आहे, जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, लिफ्टमध्ये दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने जिन्याने यायचं, एवढी ओळख पुरे. ज्यांना गरज असेल त्यांनी आपल्या फॅमिली डॉक्टरकडून चिठ्ठी घ्या, मुंबईत ही रात्रभर वायरी लावून झोप मोजायची टेस्ट आता बऱ्याच ठिकाणी होते.

तर मी झोपतो. म्हणजे सगळेच झोपतात पण मी जरा जास्तच, कोणी उठवलं नाही तर आरामात दहा तास. लहानपणापासून हेच. शाळेत असताना आई उठवायची तेव्हा मी उठायचो, तोंडात ब्रश घालायचो आणि बेसिनपाशी उभ्या उभ्या परत पेंगायचो. बाबांची रोजची टेप ठरलेली, लवकर निजे लवकर उठे वगैरे, आणि मी लवकर निजायचो हो, साडेनऊला आडवा व्हायचो, तरी सहाला डोळे उघडायचे नाहीत, आता याचं त्या म्हणीत काहीच उत्तर नाही. घरात सूर्यवंशी, कॉलेजात कुंभकर्ण, आणि लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी बायकोने कपाळाला हात लावून ताप बघितला, साडेदहा वाजले तरी हा उठत नाही म्हणजे नक्की आजारी असणार.

राहतो मुलुंडला, ऑफिस फोर्टात. सकाळची गाडी पकडायची म्हणून सहाला उठायचं, रात्री घरी येऊन जेवून टीव्ही बघून झोपायला साडेअकरा. संध्याकाळी सीएसएमटीला बसायला मिळालं की मी संपलो, मशीद बंदर जायच्या आत डोळा लागतो. आमचा ग्रुप आहे, भांडुप गेलं की कोणीतरी कोपर मारतं. एकदा गणपतीच्या दिवसांत ग्रुपमधलं कोणीच नव्हतं आणि गाडी टिटवाळा होती. डोळे उघडले ते थेट टिटवाळ्याला, रात्री पावणेदहा. बायकोला फोन केला तर म्हणते, आता गेलाच आहेस तर गणपतीला नमस्कार करून ये.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग गेल्या ऑगस्टमध्ये सासऱ्यांना घेऊन पुण्याहून येत होतो, एक्सप्रेसवेवर, पाऊस थांबलेला, दुपारचे तीन. मला वाटतं एखाद-दोन सेकंदच असतील. चाक कडेच्या पट्टीवर गेलं आणि सगळी गाडी घर्रर्र वाजली तेव्हा कळलं की पापणी मिटली होती. सासरे काही बोलले नाहीत. पुढच्या फूड मॉलला म्हणाले, चहा घेऊ या का, आणि परत येताना स्वतःच ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले. त्यानंतर मी हे प्रकरण सीरियसली घेतलं.

पहिला स्टॉप फॅमिली डॉक्टर. त्यांनी हिमोग्लोबिन, थायरॉइड, शुगर, फेरिटिन म्हणजे अंगातल्या लोहाचा साठा, बी ट्वेल्व्ह सगळं काढायला लावलं, कारण थायरॉइड कमी असलं, अशक्तपणा असला तरी माणूस दिवसभर मरगळलेला असतो. आणि मन ठिकाणावर आहे का हेही विचारलं, डिप्रेशनमध्ये काही लोकांची झोप उडते तशी काहींची वाढते. तिसरा प्रश्न विचारला तो मला आवडला, सर्दीची गोळी घेता का? मी पावसाळाभर रात्री सेट्रिझिन घेतो. तिने पण झोप येते, म्हणून ती बंद केली. बी ट्वेल्व्ह १६० म्हणजे कमी निघालं, इंजेक्शनं झाली, बी ट्वेल्व्ह वर आलं, झोप होती तिथेच.

मग मी शहाणपणा केला. ऑनलाइन शोधून एका लॅबची घरी येऊन करायची स्लीप टेस्ट बुक केली, ४,५०० रुपये. मुलगा आला, मनगटाला एक यंत्र बांधलं, नाकाखाली नळी, बोटाला चिमटा, झोपा म्हणाला. दोन दिवसांनी फोन, 'सर तुमचं सगळं नॉर्मल आहे.' रिपोर्टात एएचआय २.१. मी खूश पण आणि नाराज पण, कारण नॉर्मल आहे तर मग मी असा का?

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, माझे साडेचार हजार गेले, तुमचे वाचतील. ही घरची टेस्ट मुख्यतः एकच गोष्ट शोधते, स्लीप ॲप्निया. म्हणजे झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते, दहा सेकंद किंवा जास्त, ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून अर्धवट जागा होतो, श्वास चालू, परत तेच, आणि सकाळी माणसाला यातलं काही आठवत नाही. तासाला असं किती वेळा झालं तो एएचआय. पाचच्या खाली ठीक, तीसच्या वर गंभीर. हा माणूस अंथरुणात नऊ तास असतो पण झोप अशी लागतच नाही, म्हणून दिवसा डुलक्या. यावर नाकातून हवेचा दाब देणारं सीपॅप मशीन आहे, १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सुलिव्हन यांनी आणलं, आणि ज्यांना ते लागू पडतं त्यांचं आयुष्य बदलतं. तेव्हा घरात कोणी ढाराढूर घोरत असेल, मधेच श्वास अडकत असेल, तर त्याच्यासाठी घरची टेस्ट अगदी योग्य. मी घोरत नाही. बायकोची साक्ष आहे. आणि त्या यंत्राला डोक्याची एकही वायर नव्हती, म्हणजे मी किती वेळ खरा झोपलो, कुठली झोप झोपलो हे त्याला कळायला मार्गच नव्हता. हे बुकिंगच्या वेळी फोनवरच्या मुलीने सांगायला हवं होतं, पण ती काय सांगणार, तिला टार्गेट.

आता मेन क्लिनिक. कन्सल्टिंग १,८००. महाग वाटलं, पण डॉक्टरांनी चाळीस मिनिटं दिली, घड्याळ न बघता. आधी एक फॉर्म भरून घेतात, एपवर्थ स्केल, मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये केलेला. आठ प्रसंग दिलेले असतात, वाचताना, टीव्ही बघताना, जेवणानंतर शांत बसल्यावर असे, आणि प्रत्येकात डुलकी लागायची शक्यता किती ते शून्य ते तीन मार्क. दहाच्या वर गेलात तर जास्त. त्यात एक प्रसंग आहे, गाडी ट्रॅफिकमध्ये काही मिनिटं थांबली असताना. काही मिनिटं! मला १५ मिळाले. शाळेत कधी एवढ्या सहज मिळाले नाहीत. फॉर्म इंग्लिश आणि हिंदीत होता, मराठीत नाही, आणि माझ्या शेजारी बसलेल्या काकूंना त्यांचा मुलगा एकेक ओळ वाचून दाखवत होता. दादरमध्ये बसून मराठी फॉर्म नाही हे मला पटलं नाही, रिसेप्शनला सांगितलं, त्यांनी मान हलवली.

मग डॉक्टरांनी जो प्रश्न विचारला तो आजवर मला कोणीच विचारला नव्हता. 'एखाद्या दिवशी पूर्ण दहा तास झोपलात, तर उठल्यावर कसं वाटतं?'

मी म्हटलं, एकदम मस्त.

'आणि सलग दोन आठवडे रोज दहा तास झोपलायत कधी?'

नोकरी लागल्यापासून नाही. म्हणजे अकरा वर्षं.

ते म्हणाले की जास्त झोपणारे म्हणून एकाच टोपलीत टाकतात पण आत वेगवेगळी माणसं असतात. एक, झोप पुरेशी तास होते पण फाटकी, ॲप्नियावाले किंवा झोपेत पाय झटकणारे. दुसरे, ज्यांच्या मेंदूतली जागं ठेवणारी यंत्रणाच बिघडलीय. तिसरे, ज्यांना बिचाऱ्यांना गरजच जास्त आहे आणि मिळतेय कमी. आणि चौथी आपली अख्खी मुंबई, गरज साडेसातची, मिळतात साडेपाच, आणि रविवारी दुपारपर्यंत घोरतात. दोन आठवडे डायरी लिहायला सांगितली आणि हातात एक घड्याळ बांधलं, हालचालीवरून झोप मोजणारं. डिपॉझिट ३,०००, परत मिळालं. माझा हिशोब निघाला, सोमवार ते शनिवार सरासरी ६ तास २० मिनिटं, रविवारी ११.

आता प्रत्यक्ष टेस्टची रात्र. रात्री साडेआठला बोलावलं. केस धुवून या, तेल नको, असं मेसेजमध्ये होतं, तरी मी सवयीने खोबरेल लावून गेलो आणि टेक्निशियनने माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. बेबी शाम्पूने परत धुवायला लावलं. मग खुर्चीत बसवून तासभर वायरी, डोक्याला मोजून खुणा करतो, खरखरीत पेस्टने घासतो, जेल लावून चिकटवतो, डोळ्यांच्या कडेला दोन, हनुवटीला, छातीला, दोन्ही नडग्यांना, छातीवर नि पोटावर पट्टे, नाकाखाली नळी, बोटाला लाल लाइट. मी मोजल्या, बावीस. आरशात बघितलं तर बोर्डावरचं मीटर दिसत होतो. बायकोला फोटो पाठवला, तिने तो फॅमिली ग्रुपवर टाकला, आत्याचा मेसेज आला, देव बरा करो.

खोली स्वच्छ, गादी चांगली, चादर धुतलेली. एसीचा रिमोट मात्र टेक्निशियनकडे, आणि तो बाहेर मॉनिटरसमोर स्वेटर घालून बसलेला, म्हणजे त्याला पण माहीत होतं. स्पीकरवरून सांगतो, डोळे डावीकडे करा, उजवीकडे, दात आवळा, पाय हलवा, झालं, गुड नाइट सर. लोक विचारतात एवढ्या वायरीत झोप येते का. मला आली. साडेदहा वाजता लाइट गेला, पावणेअकराच्या पुढचं मला काही आठवत नाही.

आणि सकाळी सहाला बेल.

हे मला अजून पचलेलं नाही. तक्रार काय, तर हा माणूस खूप झोपतो, किती झोपतो ते बघायला पैसे घेतलेत, आणि उठवता सहाला? म्हणजे हॉटेलात खादाड माणसाची भूक मोजायला बसवायचं आणि दुसऱ्या पोळीला ताट उचलायचं. टेक्निशियन म्हणाला, सर प्रोटोकॉल आहे, रात्री निदान सहा तास झोप झाली की दिवसाची टेस्ट करता येते, आणि नाइट शिफ्टवाल्यांना आठला सुटायचं असतं. पहिलं कारण मला नंतर पटलं. दुसरं कारण त्याने प्रामाणिकपणे सांगितलं म्हणून सोडून दिलं.

दिवसाच्या टेस्टला एमएसएलटी म्हणतात. आठ, दहा, बारा, दोन, चार, असं पाच वेळा अंधाऱ्या खोलीत झोपवतात आणि झोप लागायला किती मिनिटं जातात ते मोजतात. वीस मिनिटांत नाही लागली तर लाइट लावतात. लागली तर पुढे पंधरा मिनिटं झोपू देतात, तेवढ्यात स्वप्नांची झोप म्हणजे रेम येते का ते बघायला, आणि नेमकी गोड झोप लागली की उठवतात. मधल्या वेळात झोपायला बंदी, चहा-कॉफी पण बंद. जेवणात डबा घरचा चालतो. मोबाईल चालतो, म्हणून मी त्या दिवशी या विषयावर जेवढं वाचलं तेवढं सीएच्या परीक्षेला वाचलं असतं तर आज कुठे असतो.

ही टेस्ट १९७० च्या दशकात स्टॅनफर्डला बसवली गेली, मेरी कार्सकाडन आणि विल्यम डिमेंट. नॉर्मल माणसाला रेम यायला साधारण दीड तास लागतो. नार्कोलेप्सी म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याचा आजार, त्यांना पंधरा मिनिटांत येते, कारण मेंदूत ओरेक्सिन नावाचं एक रसायन आहे, १९९८ ला सापडलं, ते माणसाला जागेपणावर पक्कं धरून ठेवतं, आणि यांच्यातल्या बऱ्याच जणांत ते तयार करणाऱ्या पेशीच गेलेल्या असतात. त्यातल्या काहींना जोरात हसलं की गुडघे लुळे पडतात, शुद्धीवर असतात पण उभं राहता येत नाही. वाचून मी खोलीत एकटाच खोटं खोटं हसून बघितलं. गुडघे ठीक.

दुसरा एक आजार, इडिओपॅथिक हायपरसोम्निया. नाव जड आहे, अर्थ एवढाच की झोप फार, कारण माहीत नाही. प्रागचे डॉक्टर बेडरिख रोट यांनी या पेशंट्सवर आयुष्य घालवलं. हे लोक चोवीस तासांत अकरा तास किंवा जास्त झोपतात आणि तरी उठताना दारू प्यायल्यासारखे असतात, चार-चार अलार्म बंद करतात आणि केल्याचं आठवत नाही, दुपारी दोन तास झोपून उठले तरी डोकं तसंच जड. अमेरिकेत २०२१ मध्ये यासाठी म्हणून पहिलं औषध मंजूर झालं, तोवर दुसऱ्या आजाराची औषधं उसनी घेऊन चालवायचं. हे वाचताना खरं सांगतो, हसू गेलं. या माणसाला आपण काय म्हणतो? आळशी. ऐदी. मलाही म्हणायचे, पण मला निदान झोप झाल्यावर बरं तरी वाटतं.

रिपोर्ट आठ दिवसांनी. रात्री ७ तास ५ मिनिटं झोप, श्वास व्यवस्थित, पाय शांत, गाढ झोप भरपूर. दिवसा पाच वेळांचे आकडे ६, साडेपाच, ८, ११ आणि साडेबारा मिनिटं, सरासरी ८.६. रेम एकदाही नाही. आजार म्हणायची रेघ आठ मिनिटांवर, सरासरी आठ किंवा त्याहून कमी आली तर. मी म्हटलं म्हणजे काठावर पास की काठावर नापास? डॉक्टर हसले. म्हणाले, तुमची गरज दहाची, आम्ही सात तासांत उठवलं, मागे अकरा वर्षांची उधारी, अशा माणसाने सकाळच्या दोन डुलक्या पाच-सहा मिनिटांत मारल्या यात मला काही नवल वाटत नाही. अजून गोळी लिहिणार नाही. दिवाळीला सुट्टी आहे? घड्याळ परत बांधा, अलार्म बंद करा, दोन आठवडे झोपा.

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी प्रिस्क्रिप्शनवर झोप लिहून दिली. बायकोने तो कागद फ्रिजला लावला.

गावी गेलो, गुहागरच्या बाजूला. पहिले पाच दिवस साडेअकरा-बारा तास झोपलो, काकू दोनदा खोलीत डोकावून गेली. सहाव्या दिवसापासून आपोआप कमी व्हायला लागलं आणि नऊ तास चाळीस मिनिटांच्या आसपास येऊन थांबलं, पुढे दहा मिनिटं इकडे तिकडे. आणि सातव्या दिवशी दुपारी, सुरमईचं कालवण-भात हाणून ओटीवर वामकुक्षीला पडलो तर झोप येईना. डोळे मिटले, पंप चालू होता विहिरीवरचा तो ऐकत राहिलो, कौलातून पडलेला उन्हाचा एक कवडसा भिंतीवरून खुंटीपर्यंत सरकला तोही बघितला. दुपारचं जेवण झालंय आणि मी जागा! शेवटी उठून चुलतभावाबरोबर नारळ सोलायला बसलो.

परत आल्यावर डॉक्टरांनी आलेख बघितला आणि लाँग स्लीपर असं लिहिलं. आजार नाही. बहुतेक मोठ्या माणसांना सात ते नऊ तास लागतात, काही थोड्यांना दहा, जशी काही माणसं सहा फुटी असतात. का, तर झोपेची दोन चाकं आहेत, झुरिकच्या अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ मध्ये मांडलेलं, एक शरीरातलं घड्याळ आणि दुसरं झोपेचं ओझं, जे जागं असताना साठत जातं आणि झोपेत उतरतं. ॲडेनोसिन नावाचं रसायन त्यात भाग घेतं, कॉफी त्याच्याच जागेवर जाऊन बसते म्हणून तरतरी येते, ओझं मात्र कमी होत नाही. कोणाचं ओझं किती वेगाने साठतं आणि उतरतं हे माणसागणिक वेगळं, आणि त्यात आई-बापांकडून आलेला वाटा बराच. कमी झोपणाऱ्यांच्या एका घराण्यात २००९ मध्ये एक जीन सापडला, सहा-सव्वासहा तासांत ते ताजे. आमच्यासारख्यांचा असा एकच एक जीन सापडलेला नाही. जास्त झोपणारे लवकर जातात हा व्हॉट्सॲप फॉरवर्ड मी त्यांना दाखवला, ते म्हणाले त्या आकड्यांत आधीच आजारी असलेली माणसं खूप असतात, आजारामुळे झोप वाढलेली असते, म्हणून आधी आजार शोधायचा, तेच तर केलं आपण.

मग विचारलं, घरात अजून कोणी असं होतं का? मी नाही म्हटलं. घरी येऊन आईला सांगितलं तर ती भाजी निवडता निवडता थांबली. म्हणाली, आप्पा. बाबांचे थोरले भाऊ, लालबागला गिरणीत, कायम रातपाळी मागून घ्यायचे. सकाळी येऊन झोपले की संध्याकाळी उठायचे, रातपाळीचा माणूस म्हणून कोणी काही बोलायचं नाही, उलट पोरांना दमात ठेवायचे, आप्पा झोपलेत. मग ८२ चा संप झाला, गिरणी सुटली, आप्पा घरी बसले आणि तेवढेच झोपत राहिले. तेव्हा सगळे म्हणायला लागले की संपाने माणूस खचला, हातपाय गाळले. आई म्हणाली, खचले असतीलही रे, पण झोपायचे ते आधीपासूनच तेवढेच.

असो. रिव्ह्यूवर येतो. आता मी साडेनऊला झोपतो, ऑफिसात सांगून साडेदहाची वेळ मागून घेतली, डॉक्टरांचं पत्र कामाला आलं, एचआरने ते तीन वेळा वाचलं. संध्याकाळचा कटिंग बंद, कॉफी-चहातलं अर्धं कॅफिन पाच तासांनी पण अंगात असतं. सगळे दिवस नऊ-चाळीस जमत नाही, नऊ जमतात, आणि एपवर्थ १५ चा ७ झालाय. ऑफिसातला एक जण मोडाफिनिल नावाची जागं ठेवणारी गोळी कुठून तरी मिळवून घेतो आणि मला पण देत होता, डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले ज्यांना आजार आहे त्यांच्यासाठी आहे ती, उधारी फेडायला गोळी कशाला, झोपा.

खर्च: रात्रीची नि दिवसाची टेस्ट मिळून २४,०००, कन्सल्टिंग तीन वेळा. मेडिक्लेमवाल्यांनी नाकारलं, ॲडमिशन चोवीस तासांची नाही म्हणे. मी रात्री साडेआठला गेलो आणि दुसऱ्या दिवशी पाचला सुटलो, साडेतीन तासांनी हुकलं.

डॉक्टर पाच स्टार, टेक्निशियन पाच, मराठी फॉर्म आणि एसीचे अर्धा-अर्धा कापले. सहाच्या बेलचे मी कापणार होतो पण बायको म्हणाली ती बेल नसती तर तू अजून तिथेच असतास. जाताना स्वेटर न्या, डोक्याला तेल लावू नका, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी टाका, कारण केसातलं ते जेल निघायला तीन वेळा नहावं लागतं आणि एवढं करून चिकट डोक्याने पाच-बावीसची गाडी पकडली तर लोक लांब सरकतात. मला खिडकी मिळाली.